सून, मी आणि ‘ड्यू टू’

नोकरीत असताना मला इंग्रजी लिहिता येतं असा माझा समज होता. मी सरकारी कारखान्यात सुपरवायझर होतो आणि मशीन बंद पडलं की त्याचा रिपोर्ट मलाच लिहावा लागे. माझं वाक्य ठरलेलं असे. ड्यू टू बेअरिंग, मशीन बंद. ड्यू टू व्होल्टेज, मशीन बंद. एकदा तर ड्यू टू ऑपरेटरच्या घरचं लग्न, असंही लिहिलं होतं. साहेब सही करत, कागद पुढे जाई. इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली गेली ती निवृत्तीनंतर, आणि तीही माझ्या सुनेच्या क्लासमध्ये.

आमचं घर शाहपुऱ्यात. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी किती आणि मराठी किती हे मलाही सांगता येत नाही. मुलाचं लग्न मात्र नागपूरच्या मुलीशी झालं. लग्नानंतर वर्षभराच्या आतच त्याला कॅनडात नोकरी मिळाली आणि तो गेला. सून माझ्याबरोबर राहिली. ती फार्मसी शिकलेली. शाहपुऱ्यातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर कामाला होती. तिकडे जाऊन नुसतं घरात बसायचं नाही, आपलं काम करायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आधी परीक्षा, मग व्हिसाचा अर्ज, असं नवरा-बायकोचं ठरलं. माझी बायको मुलाच्या लग्नाआधीच गेली होती. म्हणजे घरात उरलो आम्ही दोघं, सासरा आणि सून.

क्लास जवाहर चौकात होता, चपलांच्या एका दुकानाच्या वर. ड्यूटीवरून दमून आल्यावर पुन्हा स्कूटी काढायचा तिला कंटाळा येई, आणि थंडीचे दिवस, अंधार लवकर पडे. म्हणून मी तिला माझ्या स्कूटरवर नेऊन सोडू लागलो. क्लास सुटेपर्यंत खालच्या चहावाल्याकडे थांबायचो. एका संध्याकाळी क्लास घेणाऱ्या मॅडम खिडकीतून डोकावल्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, अस्सल भोपाळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.

“भाईसाहब, नीचे ठंड में क्यों जम रहे हैं? ऊपर आके बैठिए ना.”

मी वर गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. समोर नर्सिंगच्या मुली, दोन-तीन इंजिनियर मुलं, आणि पुढच्या बाकावर माझी सून, मान खाली घालून लिहीत असलेली. फळ्यावर कारण आणि परिणाम जोडणारे शब्द लिहिलेले होते. बिकॉज, बिकॉज ऑफ, ड्यू टू, ओइंग टू, थँक्स टू, ॲज अ रिझल्ट ऑफ. यादी बघून मला हसू आलं. एवढे शब्द कशाला, मला वाटलं, माझं तर एकावरच भागलं.

मॅडमनी सगळ्यांना एकेक वाक्य लिहायला सांगितलं आणि मलाही एक कागद दिला. मी सरावाने लिहून टाकलं, ड्यू टू बेअरिंग फेल्युअर द मशीन स्टॉप्ड.

मॅडमनी ते वाचलं. लाल पेनने ‘ड्यू टू’ खोडलं आणि वर ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं.

“क्यों, मॅडम?” मी विचारलं. “मतलब तो वही है.”

“मतलब वही है, जगह अलग है. देखिए, जहाँ ‘कॉज्ड बाय’ बैठता हो, वहीं ‘ड्यू टू’ बैठेगा. स्टॉपेज वॉज ड्यू टू बेअरिंग, ये ठीक. मशीन स्टॉप्ड बिकॉज ऑफ बेअरिंग, ये भी ठीक.”

म्हणजे मशीनचं ‘बंद पडणं’ ही एक वस्तू असेल तर ड्यू टू, आणि मशीन ‘बंद पडलं’ ही घटना असेल तर बिकॉज ऑफ. मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. कारखान्यात बेअरिंग जळालं की धूर यायचा, वास यायचा, मशीन उभं राहायचं. त्यातली वस्तू कोणती आणि घटना कोणती?

“और एक बात,” मॅडम म्हणाल्या, “आजकल सब चलता है. दोनों तरह से लिखते हैं लोग. लेकिन कॉपी जाँचने वाला पुराने ख़याल का निकला, तो?”

झालं. नियम समजतो न समजतो तोच तो नियम आहे की नाही, इथपासून सुरुवात. स्कूटरवर परत येताना मी सुनेला म्हटलं, “अगं, चालतं तर चालतं म्हणावं, नाही तर नाही म्हणावं. हे मधलं काय?”

“मलाही नाही समजून राहिलं, बाबा,” ती मागून म्हणाली. “मी तर घाबरून सगळीकडे ‘बिकॉज’ टाकते. मग त्या म्हणतात, तोच शब्द परत परत आला की गुण कापतात.”

दुसऱ्या दिवसापासून मी खाली थांबणं बंद केलं. तिला मदत करायची म्हणून वर बसतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते लाल पेन मनाला लागलं होतं.

घरी आमचा सराव स्वयंपाकघरात चाले. ती कणीक मळायची आणि मी ओट्यापाशी खुर्ची घेऊन तिला वाक्यं विचारायचो. एकदा मी दुधाकडे लक्ष ठेवायला बसलो होतो आणि ‘ओइंग टू’चं उदाहरण शोधता शोधता दूध उतू गेलं. ती धावत आली, गॅस बंद केला आणि म्हणाली, “द मिल्क बॉइल्ड ओव्हर बिकॉज ऑफ यू.”

“ओइंग टू मी,” मी म्हटलं. “जरा मान ठेव.”

आम्ही दोघं हसलो. मग मला राहवेना, म्हणून मी म्हटलं, “बघ, आपलं ‘मुळे’ किती साधं आहे. पावसामुळे, तुझ्यामुळे, न आल्यामुळे. कशालाही लावा, कुणी विचारत नाही.”

“असं काही नाही, बाबा. आमची आई भांडणात बाबांना म्हणायची, ‘तुमच्यापायी माझा जन्म वाया गेला.’ ‘तुमच्यामुळे’ नाही म्हणायची कधी. ‘तुमच्यामुळे’ नातेवाइकांसमोर म्हणायची. तुमच्यामुळे हे घर उभं राहिलं, वगैरे.”

मी विचारात पडलो. म्हणजे हे आपल्यातही होतं आणि मी आयुष्यभर न बघताच वापरत आलो होतो. मग इंग्रजीत बघून वापरायला जातो तर पाय का अडखळतो?

सगळ्यात जास्त फसवलं ते ‘थँक्स टू’ने. मॅडम म्हणाल्या होत्या की चांगला परिणाम असेल तर ‘थँक्स टू’ लिहा, त्यात आभार असतात. मला तो शब्द फार आवडला. त्याच सुमारास आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी साफ व्हायची होती. अध्यक्षांनी स्वतः खटपट करून माणसं मिळवली होती. ते निवृत्त बँक अधिकारी, मानी गृहस्थ. इंग्रजीत नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नोटीस लावली. थँक्स टू अवर रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, देअर विल बी नो वॉटर टुमॉरो.

संध्याकाळी अध्यक्ष दारात उभे. “ये क्या मज़ाक है, साहब? पूरी बिल्डिंग हँस रही है मुझपर.”

मी म्हटलं, “मैंने तो आपका शुक्रिया अदा किया है.”

“शुक्रिया? पानी नहीं आएगा, इसका शुक्रिया?”

सून आतून आली. तिने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि बाबा क्लासला जातात, नवीन शब्द शिकलेत, असं समजावलं. ते गेल्यावर ती हसून हसून खाली बसली. मी मात्र हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की वाईट गोष्टीला लावलं की ‘थँक्स टू’ टोमणा होतो. म्हणजे शब्द तोच. तो आभार आहे की टोमणा, हे पुढचं वाचून ठरवायचं. आणि आमच्या नोटिशीत टाकी साफ होणार ही चांगली गोष्ट होती, पाणी येणार नाही ही वाईट, आणि माणूस एकच.

एकदा मॅडमनी सांगितलं की आज मशीन नको, पाऊस नको, घरातलं काहीतरी लिहा, खरं घडलेलं. मुली भराभर लिहू लागल्या. मला एकदम बायकोबद्दल लिहावंसं वाटलं. तिला बरीच वर्षं शुगर होती. मग किडनीवर आलं. मग एक साधा ताप आला आणि त्या तापात ती गेली. डॉक्टर किडनी म्हणाले. मी सगळ्यांना ताप सांगत राहिलो. आणि माझी नागपूरची बहीण तेराव्याला आली तेव्हा म्हणाली होती, “तुम्हा दोघांचं करता करता तिनं स्वतःकडे बघितलं नाही, म्हणून गेली.” या तिन्हींतलं खरं कोणतं? की तिन्ही एका ओळीत उभी होती, एकामागे एक, आणि आम्ही प्रत्येकाने आपल्याला दिसलं तेवढंच धरलं? मी ‘माय वाइफ डाइड’ एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द मला निवडता येईना.

मॅडम बाकाशी आल्या. “डाइड के साथ ‘ऑफ’...” असं म्हणता म्हणता थांबल्या. मग माझा कागद अलगद उलटा ठेवला आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. सून पुढे बसली होती, तिने मागे वळून बघितलं नाही. तिला काही कळलं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

थंडी सरता सरता सुनेने पहिल्यांदा परीक्षा दिली. बोलणं, ऐकणं, वाचणं, तिन्हीत चांगले गुण. लेखनात नऊपैकी सात हवे होते, सहा मिळाले. मॅडम म्हणाल्या, होतं असं, वाक्यं नीट जोडत नाहीस, मेहनत कर. मी मग चंगच बांधला. ‘रिझल्टेड इन’ आणि ‘रिझल्टेड फ्रॉम’ यांत बाण कुठल्या दिशेला जातो हे मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत काढून ठेवत असे. इन असेल तर आधी कारण, मग परिणाम. फ्रॉम असेल तर उलट. हे घरी पाठ असे आणि रोशनपुऱ्याच्या सिग्नलला थांबलं की नेमकं उलटं आठवे. एकदा हिरवा दिवा लागून गेला तरी आमचा वाद चालू होता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला हलवलं.

दुसऱ्या वेळी तिने परीक्षा दिली ती खूप तयारीने. आता तिच्या वाक्यांत मॅडमना चूक सापडत नव्हती. म्हणून निकाल आला तेव्हा मला वाटलं, काहीतरी घोटाळा झाला. लेखनात साडेपाच. पहिल्यापेक्षाही कमी.

सून डबा भरून ड्यूटीवर गेली. मुलाचा फोन माझ्या मोबाईलवर आला. एरवी तो तिच्याच फोनवर करायचा.

“बाबा, एक बोलू? रागावू नका. ती मुद्दाम करतेय असं वाटतं मला.”

“मुद्दाम? अरे, ती रोज अभ्यास करते, मी बघतो ना.”

“तेच तर. एवढं सगळं येतं आणि साडेपाच? तुमच्यामुळे होतंय हे.”

“माझ्यामुळे म्हणजे? माझं शिकवणं चुकलं?”

“नाही हो. तुम्ही एकटे पडाल म्हणून तिचा पाय निघत नाहीये.”

फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली भाजीवाला ओरडत होता. मुलाने जे ‘तुमच्यामुळे’ म्हटलं ते कसलं होतं, हे मला उमगेना. मी तिला अडवून ठेवलंय असं त्याला म्हणायचं होतं, की ती मला जपते असं? त्याच्या आवाजात दोन्ही होतं. आणि मला काय वाटलं म्हणाल, तर एकाच वेळी शरम वाटली आणि बरंही वाटलं. बरं वाटलं याची पुन्हा शरम वाटली.

रविवारी सकाळी आम्ही शाहपुऱ्याच्या तलावावर चालायला जात असू. चालून झालं की कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे-जलेबी. त्या रविवारी मी मनाशी सगळं ठरवून गेलो होतो. पोहे खाऊन झाल्यावर आम्ही बाकावर बसलो तेव्हा मी म्हटलं, “मी नागपूरला ताईकडे जाऊन राहीन म्हणतो. तिचंही घर रिकामंच आहे. तू माझी काळजी करू नकोस, परीक्षा दे आणि जा.”

तिने माझ्याकडे बघितलं. “त्यांनी काही सांगितलं तुम्हाला?”

“सांगितलं थोडं.”

ती म्हणाली, “बाबा, दुसऱ्या वेळी मी निबंध पूर्ण लिहिलाच नाही.”

“वेळ पुरला नाही का?”

“पुरला होता. मी नुसती बसून राहिली. विषय होता, लोक आपलं गाव सोडून का जातात, त्याची कारणं आणि परिणाम. पहिला परिच्छेद झकास लिहिला. ओइंग टू, ॲज अ रिझल्ट ऑफ, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यात कारणं लिहायची होती. आणि मला वाटलं, मला कुठं माहीत आहे? स्क्रीनवर घड्याळ चालून राहिलं होतं आणि मी त्याच्याकडे बघून राहिली होती.”

मी विचारलं, “माझ्यामुळे?”

ती पटकन काही बोलली नाही. हे बरं झालं, कारण पटकन नाही म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता.

“हो म्हटलं तर खोटं होईल,” ती म्हणाली, “आणि नाही म्हटलं तरी खोटंच होईल.”

“मग कशामुळे गं?”

“तेच सांगता येत नाही ना. काउंटरवर लोक मला ओळखतात. म्हाताऱ्या बाया चिठ्ठी डॉक्टरला नाही, मला दाखवतात. तिकडं कोण दाखवेल? पण त्यामुळे नाही. थंडीची भीती वाटते, पण भीतीमुळे पण नाही. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर किती राहिली, बाबा? काही महिने. बाकी सगळा फोन. मला त्यांची सवयच नाही झाली. तुमचीच जास्त झाली.”

मी तलावाकडे बघितलं. एक माणूस कुत्र्याला आंघोळ घालत होता आणि कुत्रं सारखं त्याच्या हातून निसटत होतं.

“म्हणून म्हणतो, मी नागपूरला...”

“नाही, बाबा.” तिचा आवाज चढला. “तुम्ही घर सोडलं म्हणून मी गेली, असं मला नको आहे. मी तिथं बसून रोज तेच म्हणत राहीन. आणि मी गेली नाही तर लोक म्हणतील, सासऱ्यापायी गेली नाही. तेही नको.”

“मग काय हवंय?”

“ते समजलं असतं तर निबंध लिहिला नसता का?”

मी आयुष्यभर बिघाडाचं कारण शोधायचं काम केलं. मशीन उघडायचं, जळालेला भाग काढायचा, नवा बसवायचा. इथे उघडण्यासारखं काही नव्हतं, आणि तिने सांगितलेली सगळी कारणं बाजूला काढून ठेवली तरी काहीतरी उरतच होतं. शेवटी मी एवढंच म्हणालो, “हे तू त्याला सांग.”

“काय सांगू? ते कारण विचारतील.”

“मला सांगितलंस तेच. जसंच्या तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन लावला. मी चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत राहिलो. तरी तिचं एक वाक्य कानावर पडलंच. “अहो, एक कारण असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग रडली. मग कशावर तरी हसलीसुद्धा. मला काहीच अंदाज येईना. चहा दोनदा उकळला.

उन्हाळ्यात मुलगा रजा काढून आला. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलत होते. भाजी आणखी घ्या, नको पुरे, असं. मी ताईकडे काम आहे म्हणून आठवडाभर नागपूरला गेलो. काम काही नव्हतं. ताईने विचारलं, “का रे आलास?” मी म्हटलं, “आंबे खायला.” ती म्हणाली, “भोपाळात मिळत नाहीत का?” मी विषय बदलला.

परत आलो तेव्हा जिन्यातूनच दोघांचे आवाज ऐकू आले. कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं यावरून भांडण चाललं होतं, चांगलं मोठ्याने. मला इतकं बरं वाटलं की मी बॅग खाली ठेवून थोडा वेळ बाहेरच थांबलो. त्या आठवड्यात त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तो परत गेल्यावर सुनेने तिसऱ्यांदा परीक्षेला नाव दिलं. स्वतःहून, कुणालाही न सांगता. या वेळी आम्ही स्वयंपाकघरात सराव केला नाही. लेखनात सात मिळाले. मी विचारलं, “विषय काय होता?”

“काहीतरी प्लास्टिकच्या पिशव्यांचं होतं,” ती म्हणाली.

मॅडमकडे आम्ही पेढे घेऊन गेलो. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, “और आप? आप परीक्षा कब देंगे?” मी म्हटलं, माझा गोंधळ आधीपेक्षा वाढलाय. त्या म्हणाल्या, “मेरा भी हर साल बढ़ता है. पढ़ाती हूँ ना.” त्या हे गमतीने म्हणाल्या की खरंच, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

व्हिसा येईपर्यंत पुन्हा थंडी आली. तिला दिल्लीहून विमान होतं. ऑटोवाल्याला मी स्टेशनचं जुनं नाव, हबीबगंज म्हणालो, सून नवं, राणी कमलापती म्हणाली, आणि ऑटोवाला दोघांनाही हो म्हणाला. प्लॅटफॉर्मवर तिने मला औषधांच्या गोळ्यांचा डबा दिला, सकाळ-संध्याकाळ असं लिहून, आणि कुठली गोळी जेवणाआधी ते तीनदा सांगितलं. गाडी यायला वेळ होता. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

“तेव्हा जायचं नव्हतं. आता जातेयस. काय बदललं गं?”

तिने विचार केला. खरोखर केला, मला टाळलं नाही. “माहीत नाही, बाबा. पण आता जायचं आहे.”

गाडी आली. डब्याच्या दारात तिने वाकून नमस्कार केला. मी तिला नीट पोचल्यावर फोन कर म्हणालो, जे सगळेच म्हणतात.

आता तिला तिकडे जाऊन बरेच महिने झाले. सुरुवातीला एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागली. पुढच्या परीक्षा अजून बाकी आहेत. पहिल्याच आठवड्यात तिने फोनवर सांगितलं, “बाबा, इथं कुणी ओइंग टू म्हणत नाही. ड्यू टू पण नाही. सगळे नुसतं ‘कॉज’ म्हणतात. बिकॉजचं अर्धं, तेही तोंडातल्या तोंडात.”

“मग आपण एवढं कशासाठी शिकलो?”

“मलाही तेच विचारायचं आहे कुणालातरी,” ती म्हणाली.

मुलाला मी एकदा हळूच विचारलं, ती सुखी आहे ना? तो म्हणाला, “हो, बहुतेक.” मग म्हणाला, “मधेच गप्प होते. कशामुळे ते सांगत नाही.” मी म्हटलं, “तिला विचारत जा, पण उत्तराची घाई करू नकोस.” हे मी कुठल्या अधिकाराने म्हणालो, कुणास ठाऊक.

तलावावर भेटणारे लोक विचारतात, सून अचानक कशी गेली? मी एकाला सांगतो, नवरा तिकडे आहे म्हणून. दुसऱ्याला सांगतो, तिला तिचं काम करायचं होतं. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हटलं, परीक्षा पास झाली ना, म्हणून. त्यांचं समाधान झालं. यातलं खोटं एकही नाही, पण बोलून झाल्यावर दर वेळी वाटतं की आपण दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितलं.

परवा तिने विचारलं, “बाबा, तुम्ही कधी येणार इकडं? त्यांनी तिकिटांचं बघायला घेतलं आहे.”

“बघू,” मी म्हटलं. “गुडघा दुखतो हल्ली. एवढा वेळ विमानात बसवणार नाही.”

“गुडघ्यामुळेच ना?”

“गुडघ्यामुळेच,” मी म्हणालो.

ती हसली. तिचा विश्वास बसला नव्हता. फोन ठेवून मी खुर्चीतून उठलो, तेव्हा गुडघा खरोखरच दुखला.